ज्येष्ठांच्या जांघेत, काखेत, स्तनांखाली न जाणारा चट्टा : गजकर्ण की सोरायसिस?

अबोली_डिचोली

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मधुमेह आहे, पण गोळ्यांनी ताब्यात आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या दोन्ही स्तनांखाली आणि जांघेत चट्टे आहेत. खाज फारशी नाही, पण चुरचुरतं आणि चालताना घासून आग होते. फार्मसीतून आणलेलं क्रीम लावलं की निवळतं, बंद केलं की परत येतं, आणि दरवेळी आधीपेक्षा थोडं पसरून येतं.

माझ्या मामेसासऱ्यांना, म्हणजे सासूबाईंच्या सख्ख्या भावाला, बरीच वर्षं सोरायसिस आहे. त्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर चंदेरी कोंडा धरतो, अंथरुणात पडतो. सासूबाईंच्या चट्ट्यावर कोंडा मुळीच नाही. गुळगुळीत, ओलसर, चकचकीत आहे. त्यामुळे घरात सगळ्यांचं ठरलेलं आहे की हा सोरायसिस नाही, साधं गजकर्ण आहे. मला मात्र चैन पडत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घडीत होणारा सोरायसिस वेगळा दिसतो का, आणि म्हाताऱ्या माणसांत तो कसा ओळखायचा? दुसरं म्हणजे त्या डॉक्टरला दाखवायलाच तयार नाहीत. "ह्या वयात कुणासमोर लुगडं सोडू?" म्हणतात. तुमच्या घरच्यांना कसं तयार केलंत?

म्हापसेकर

गजकर्णच. जून ते सप्टेंबर गोव्यात जांघेत काही होत नाही असा माणूस दाखवा. क्रीम अर्धवट सोडता म्हणून परत येतं. सलग लावा.

नादखुळा_काणकोण

+१. आमच्याकडे पावसात चपलेला, कमरपट्ट्याला, आजोबांच्या लाकडी पेटीला बुरशी धरते. माणसाने काय घोडं मारलंय?

सातेरीची_नात

म्हापसेकर, इतक्या खात्रीने नका सांगू. मी परिचारिका होते, आता निवृत्त आहे. वयस्कर बायकांच्या स्तनांखाली दोन्ही बाजूंना सारखा, ठळक कडेचा चट्टा असेल आणि वर्षभर बुरशीच्या औषधाला दाद देत नसेल, तर तो बुरशीचाच असं धरून चालू नये. अबोली, क्रीमच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचून सांग. त्यात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही स्टिरॉइड आहे का?

अबोली_डिचोली

ताई, आत्ताच बघितलं. क्लोबेटासोल आहे, शिवाय बुरशीचं एक आणि जंतूंचं एक अशी औषधं एकत्र आहेत.

त्वचावैद्य_मडगाव

इथे बसून निदान करणार नाही, पण प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर लिहितो.

होय, घडीत सोरायसिस फार वेगळा दिसतो. त्याला इन्व्हर्स सोरायसिस म्हणतात. कोपरावर जो कोंडा साठतो तो घडीत घामाने आणि घासण्याने टिकतच नाही. उरतो तो गुळगुळीत, चमकदार चट्टा. त्याची कडा स्पष्ट असते, निरोगी कातडी कुठे संपते हे बोट ठेवून दाखवता येतं. घडीच्या तळाशी पुष्कळदा चीर पडलेली असते आणि तीच जास्त दुखते. पुस्तकांत 'लालभडक' लिहिलेलं असतं ते गोऱ्या कातडीचं वर्णन. आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट, तपकिरी, कधी राखाडी दिसतो, आणि "घासून काळं पडलंय" म्हणून लोक सोडून देतात.

आता त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे. कॅन्डिडा नावाच्या बुरशीत मुख्य चट्ट्याच्या बाहेर बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात, घडीत पांढरा साका जमतो आणि खाज, आग दोन्ही असतात. मधुमेहात ती जास्त होते. साखरेच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांच्यामुळेही जननेंद्रियांच्या भागात बुरशी होते. गजकर्णाची कडा उठावदार आणि खवलेदार असते, मधला भाग बरा होत कडा बाहेर सरकते. पुरुषांत ते मांडीवर पसरतं पण अंडकोश बहुधा सोडतं. एरिथ्राझ्मा हा जीवाणूंचा चट्टा असतो, तपकिरी, किंचित सुरकुतलेला, जवळजवळ न खाजणारा. वूड्स दिव्याखाली (अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली) तो पोवळ्याच्या रंगाचा चमकतो, पण पेशंट घासूनपुसून आंघोळ करून आला असेल तर ती चमक दिसत नाही.

अबोलीताईंच्या घरी जे क्रीम आहे त्याने हे सगळं एकमेकांत मिसळून टाकलेलं असतं. क्लोबेटासोलसारख्या तीव्र स्टिरॉइडमुळे गजकर्णाची कडा पुसट होते, सोरायसिसही तात्पुरता दबतो, म्हणून "क्रीमने बरं वाटतं" यावरून काहीच कळत नाही.

फार्मसीवाला_फोंडा

डॉक्टरसाहेब, आता सगळे आमच्या नावाने बोटं मोडणार म्हणून आधीच लिहितो. २०१८ पासून क्लोबेटासोलसारखी बरीच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मी देत नाही. पण गिऱ्हाईक रिकामी ट्यूब घेऊन येतं, "हीच द्या, हिनेच बरं वाटतं" म्हणतं. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातं. नातू आजीसाठी नेतो, त्याला कुठे लावायचंय तेही माहीत नसतं. आजीने सांगितलेलंच नसतं.

सातेरीची_नात

तुमच्यासारखे नाही म्हणणारे आणखी हवेत, दादा. पण वरच्या प्रतिसादातलं स्टिरॉइडचं मला अजून स्पष्ट करायचंय. घडीतली कातडी पातळ असते, शिवाय दोन कातड्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे तिथे लावलेलं औषध झाकून ठेवल्यासारखं आत शिरतं. म्हातारपणी कातडी आणखी पातळ होते. वर्षभर असं क्रीम लावलेल्या बायकांच्या जांघेत पांढरे-जांभळे ताणाचे पट्टे बघितलेत. ते नंतर जात नाहीत.

त्वचावैद्य_मडगाव

बरोबर. एक आकडा देतो. १९६७ साली शरीराच्या वेगवेगळ्या जागी हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं ते मोजलं गेलं. कोपर ते मनगट या भागापेक्षा अंडकोशाच्या कातडीत ते सुमारे ४० पट शिरत होतं. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य औषध आहे. क्लोबेटासोल त्याच्या कितीतरी पट तीव्र.

कुळागर_प्रियोळ

आमच्या घरात अशा कशालाही करंजेल लावत आणि कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालत. आजी ९० च्या पुढे जगली. प्रत्येक गोष्टीला मोठं नाव देऊन डॉक्टरकडे धावायची गरज नाही असं माझं मत. घडी कोरडी ठेवा, पोट साफ ठेवा.

सातेरीची_नात

काका, घडी कोरडी ठेवायची, यावर शंभर टक्के सहमत. पाल्याच्या पाण्यालाही माझी हरकत नाही. पण करंजेल चीर पडलेल्या जागी लावू नका, आग होते आणि काहींना त्याची ॲलर्जीही येते. लिंबू, व्हिनेगर, लसूण हे तर मुळीच नको. एका आजींच्या काखेत लसणाने भाजून फोड आलेले मी बघितलेत. आणि काका, सोरायसिस असला तर तो अंगात वर्षानुवर्षं राहणारा आजार आहे. त्याला नाव मिळालं तर औषध नेमकं मिळतं, नाही तर माणूस ट्यूबा बदलत राहतो.

मांडवी_पलीकडे

अवांतर: कोरडं ठेवा म्हणजे कसं? जुलैत आमच्या घरी कपडे चार दिवस वाळत नाहीत. आई अजूनही आतले कपडे चुलीवरच्या दोरीवर टाकते, धुराचा वास येतो पण खणखणीत वाळतात.

नादखुळा_काणकोण

अवांतराला अवांतर: आमच्या आजीचं लुगडं पावसात न्हाणीच्या चुलीवर वाळायचं. ती देवळात आली की सगळ्यांना न बघता कळायचं.

सातेरीची_नात

हे अवांतर नाही, हाच मुद्दा आहे. ओलसर परकर आणि ब्लाउज घालून वावरणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त त्रास होतो. नायलॉनचा परकर टाळा. आंघोळीनंतर घडी पुसायची नाही, टिपायची, मऊ सुती कापडाने. मग स्तनांखाली जुन्या धुतलेल्या साडीच्या तुकड्याची घडी ठेवायची, ओली झाली की बदलायची. पावडर थापू नका, घामात गोळे होऊन तीच टोचते. साबण सौम्य, तोही कमी. घडीत घासण्यासाठी चोथा, दगड, ब्रश काही नको. सोरायसिसमध्ये जिथे कातडी खरवडली जाते तिथेच नवा चट्टा उठू शकतो.

आजोबा_पेडणे

मी ७८ वर्षांचा. लिहायला वेळ लागतो, पण हे मला लिहायचंच आहे.

अबोली बाळ, तुझ्या सासूबाई का दाखवत नाहीत ते मी सांगतो. त्यांना वाटतं, हे अस्वच्छपणामुळे झालं असं लोक म्हणतील. आयुष्यभर पहाटे उठून आंघोळ, सोवळंओवळं केलेल्या बाईला हे किती लागत असेल. मला जांघेत आणि पाठीमागच्या फटीत हा आजार आहे. माझी पत्नी गेल्यावर पाठीमागचं बघायलाही कुणी नव्हतं. मुलगा खूप चांगला आहे, पण त्याच्यासमोर हे बोलणं माझ्याने होईना. मी बसताना उशी बदलायचो, आणि घरातले म्हणायचे बाबांना मूळव्याध झाली असेल. मूळव्याधीचं औषधही घेतलं.

शेवटी कानामागे कोंडा दिसला म्हणून मुलाने त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कान बघितला, नखं बघितली आणि मग साध्या आवाजात विचारलं, "काका, अजून कुठे आहे का? बेंबीत, जांघेत, बसायच्या जागी?" त्यांनी स्वतः जागांची नावं घेतली म्हणून मला हो म्हणता आलं.

तेव्हा तू सासूबाईंना "काही लपवताय का" असं विचारू नकोस. जागेचं नाव घे. "आई, बेंबीत पण होतं का हो?" असं विचार. आणि बाईमाणूस डॉक्टर शोध. तपासताना मुलगा बाहेर थांबेल हे आधीच सांग.

म्हापसेकर

आजोबा, नमस्कार. तुमचा प्रतिसाद वाचून आईला विचारलं. तिनेही कधी सांगितलं नव्हतं. अजून काही बोलत नाही, पण धन्यवाद.

त्वचावैद्य_मडगाव

आजोबांनी जे लिहिलं ते वैद्यकीय दृष्टीनेही नेमकं आहे. घडीतला चट्टा एकटा बघून अनुभवी डॉक्टरही गोंधळतो. म्हणून बाकीचं अंग बघायचं. केसांची कडा, कानामागची खाच, बेंबी, पाठीमागची फट. मग नखं. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, पिवळट तेलकट डाग, टोकाकडून नख सुटून येणं. म्हाताऱ्यांची नखं जाड झाली की सरसकट बुरशी म्हणतात, पण नख आणि घडी एकत्र बिघडली असेल तर सोरायसिस मनात आणावा. घरात कुणाला आहे का तेही विचारायचं. मामेसासऱ्यांची माहिती म्हणूनच महत्त्वाची.

"ह्या वयात नव्याने कसा होईल?" असंही विचारतात. सोरायसिस सुरू होण्याची वयं साधारण दोन, एक विशी-तिशी आणि दुसरं पन्नाशी-साठी. त्यामुळे उतारवयात पहिल्यांदा दिसणं मुळीच नवल नाही.

तपासणी सोपी असते. कडेची कातडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशीचे धागे दिसतात का ते. आधीपासून बुरशीचं क्रीम लावलेलं असेल तर बुरशी असूनही कधी कधी सापडत नाही, म्हणून ट्यूब सोबत न्या आणि शेवटचं कधी लावलं ते सांगा. बुरशी सापडली म्हणजे सोरायसिस नाही असंही नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

कुळागर_प्रियोळ

हे मला नवीन आहे. दोन्ही एकत्र असतील तर ओळखायचं कसं?

त्वचावैद्य_मडगाव

आधी बुरशीचं औषध पूर्ण देतो, स्टिरॉइड न मिसळता. बुरशी गेली आणि खालचा गुळगुळीत ठळक चट्टा तसाच राहिला की तो आपली ओळख देतो.

पुणे_ते_पणजी

एक वेगळी बाजू मांडते. माझ्या वडिलांना जांघेत चट्टा होता, फक्त उजव्या बाजूला. सगळ्यांनी गजकर्ण म्हटलं, मग एकांनी सोरायसिस म्हटलं, औषधं चालू राहिली. तो हळूहळू वाढत अंडकोशाकडे सरकला, मधेच थोडं रक्त यायचं. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. एक्स्ट्रामॅमरी पॅजेट डिसीज निघाला, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली, आज बाबा ठीक आहेत. म्हणून कळवळून सांगते, "सोरायसिस आहे" या उत्तरावरही फार काळ विसंबू नका, जर चट्टा बरा होत नसेल तर.

त्वचावैद्य_मडगाव

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. घडीतला सोरायसिस बहुधा दोन्ही बाजूंना असतो. एकाच बाजूचा, सावकाश वाढणारा, रक्त येणारा, योग्य औषधालाही न हलणारा चट्टा ज्येष्ठ माणसात दिसला तर बायोप्सी करायचीच. पॅजेट, बोवेन्स डिसीज (त्वचेच्या कॅन्सरची सुरुवातीची अवस्था) हे असेच शांत चट्टे म्हणून येतात.

मांडवी_पलीकडे

हा लागतो का एकाचा दुसऱ्याला? आमच्या वाड्यावर एका आजींना चवथीच्या वेळी नेवऱ्या (करंज्या) करायला बसू दिलं नाही. त्यांच्या हाताला काहीच नव्हतं, काखेत होतं. वर्षानुवर्षं त्यांच्याच हातच्या नेवऱ्या गणपतीपुढे असायच्या.

सातेरीची_नात

सोरायसिस लागत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा, त्यांचं लुगडं आपल्या कपड्यांत धुवा. नातवंडांना मांडीवर बसू दे. हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्या आजी अजून असतील तर यंदा त्यांना बोलवा, आणि सगळ्यांसमोर पोळपाट त्यांच्याकडे द्या. गजकर्ण मात्र लागतं, टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवावे लागतात. म्हणूनही निदान नक्की हवं.

मांडवी_पलीकडे

आहेत. आईला आत्ताच सांगितलं, ती स्वतः बोलवायला जाणार आहे.

आजोबा_पेडणे

देव बरें करूं.

अबोली_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात जाऊन आलो. आजोबा, तुम्ही सांगितलं तसंच विचारलं, "आई, बेंबीत पण होतं का हो?" त्या गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "तुला कसं कळलं?" बेंबीतही होतं, पाठीमागच्या फटीतही.

तपासणाऱ्या डॉक्टर बाईच होत्या. खरवडून बघितलं, बुरशी नाही. डाव्या हाताच्या दोन नखांवर बारीक खड्डे आहेत, जे रोज तो हात हातात घेऊनही आमच्यापैकी कुणाला दिसले नव्हते. इन्व्हर्स सोरायसिस सांगितला. जुनं क्रीम बंद. काही दिवस सौम्य स्टिरॉइड आणि मग टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम लावायला दिलंय. दाबाची गोळी कुठली तेही विचारलं. मेटोप्रोलॉल आहे. त्यावर त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायला चिठ्ठी लिहून दिली.

प्रश्न असा की टॅक्रोलिमसने आई म्हणतात आग होते. थांबवू का?

त्वचावैद्य_मडगाव

सुरुवातीला टॅक्रोलिमसने आग होणं नेहमीचं आहे, बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. ओल्या कातडीवर लावू नका. आंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी होऊ द्या, थोडा वेळ जाऊ द्या, मग अगदी पातळ थर लावा. चिरेत भरू नका. तरीही सहन होत नसेल तर त्याच डॉक्टरांना फोन करा, दुसरे पर्याय आहेत, जसं व्हिटॅमिन डीच्या गटातलं कॅल्सिट्रिऑल मलम. मामांचं डांबराचं किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं मलम घरात असेल तर ते आईंच्या घडीत लावू नका. कोपराला चालतं ते जांघेत जाळतं.

मेटोप्रोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी काहींचा सोरायसिस वाढतो, लिथियमने आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विननेही वाढू शकतो. पण दाबाची गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक सोडली तर हृदयाला धोका असतो. चिठ्ठी दिली आहे ती वाट बरोबर आहे.

म्हापसेकर

आमच्या आईने काल दाखवलं. दोन्ही काखांत आहे, गुळगुळीत, तिच्या भाषेत "पाणी फिरवल्यासारखं". बुधवारी म्हापशातच पेडेंला जिल्हा हॉस्पिटलात नेतोय. घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत भरल्यात.

सातेरीची_नात

छान केलंत. बाकीच्या औषधांच्या पट्ट्याही त्याच पिशवीत टाका. आणि बुधवारी जाण्याआधी काखेत काहीही लावू नका, पावडरही नाही.

अबोली_डिचोली

एक राहिलं. सकाळी उठल्यावर आईंची बोटं आखडलेली असतात, गडू धरवत नाही, तासाभराने मोकळी होतात. आम्ही वयाचं समजत होतो. याचा काही संबंध असेल का?

त्वचावैद्य_मडगाव

असू शकतो. नखांना आणि पाठीमागच्या फटीत सोरायसिस असणाऱ्यांत सांध्यांचा सोरायसिस जास्त आढळतो. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकणं, एखादं बोट अख्खं सुजणं, टाच दुखणं, यांपैकी काहीही असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता कळवा. सांध्यांची झीज सुरू व्हायच्या आत औषध मिळालं तर हात वाचतात. गडू धरवत नाही हे वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा.

अबोली_डिचोली

सोमवारी जातो.